मेहुण्याच्या निवेदनावर सही करू का?

ताई, नमस्कार.

मी सिएटलजवळ बॉथेलला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. बायकोचा भाऊ गेली आठ वर्षं केंटला एक छोटं रेस्टॉरंट चालवतो. नऊ माणसं कामाला आहेत. गेल्या दिवाळीत त्याचा मुख्य आचारी बायकोच्या बाळंतपणासाठी बारा आठवडे रजेवर गेला. नरकचतुर्दशीला दीडशे डब्यांची ऑर्डर होती आणि मेहुणा स्वतः पहाटे तीनला उठून चकल्या तळत बसला होता. तेव्हापासून त्याचं डोकं फिरलं आहे. त्याने आणि ओळखीच्या चार दुकानदारांनी मिळून आमदारांना द्यायचं निवेदन तयार केलंय: वॉशिंग्टन राज्याची पेड फॅमिली लीव्ह योजना रद्द करा. सह्या गोळा करणं चालू आहे. त्यासाठीची पगारातली कपात मलाही खटकते, दीड लाख पगारावर वर्षाला दोन हजार डॉलर जातात. पण बायकोला पाचवा महिना आहे, आणि सांगलीला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन गणपतीनंतर ठरलंय. म्हणजे ही रजा आम्हीच घेणार आणि ती रद्द करा म्हणून सहीही आम्हीच करणार? सासूबाई म्हणतात, घरच्या माणसासाठी एक सही करायला काय जातं. काय करू?

– सहीच्या कात्रीत सापडलेला

*

नमस्कार.

सही करू नका. मात्र मेहुण्याशी वादही घालू नका, कारण त्याचा त्रास खरा आहे. त्याने त्याचं खापर भलत्याच ठिकाणी फोडलंय, एवढंच.

सुरुवात तुमच्याच पे-स्टबपासून, म्हणजे पगाराच्या पावतीपासून करू. तुम्ही लिहिलंय दोन हजार जातात. पुढच्या वेळी पे-स्टब जरा नीट उघडून बघा. तिथे एकाखाली एक दोन ओळी असतील: एक पीएफएमएल म्हणजे ही रजेची योजना, आणि दुसरी डब्ल्यूए केअर्स. दुसरीचा बाळंतपणाशी किंवा आचाऱ्याच्या रजेशी काही संबंध नाही. ती म्हातारपणी किंवा अपंगत्वात घरी मदतनीस लागला तर त्याच्या खर्चाची वेगळी योजना आहे, पगाराच्या ०.५८ टक्के, सगळी कामगाराच्या खिशातून. दीड लाखावर ते होतात ८७० डॉलर. रजेच्या योजनेचा दर २०२६ साठी १.१३ टक्के आहे, त्यातला साधारण ७१ टक्के वाटा तुमचा, उरलेला कंपनीचा. तुमचे होतात बाराशे दहाच्या आसपास. दोन्ही मिळून दोन हजार ऐंशी. म्हणजे तुमच्या रागातले ८७० डॉलर तर दुसऱ्याच खात्यातले निघाले. ही गल्लत तुम्ही एकट्यानेच केलेली नाही. मला येणाऱ्या पत्रांतली निम्मी मंडळी या दोन ओळी एकच समजून चिडलेली असतात.

आता मेहुण्याचा हिशेब. त्याच्याकडे नऊ माणसं. पन्नासपेक्षा कमी माणसं असलेल्या मालकाला या योजनेत मालकाचा वाटा भरावाच लागत नाही. कामगारांच्या पगारातून त्यांचा वाटा कापायचा, दर तिमाहीला अहवाल पाठवायचा, संपलं. अहवालाची कटकट आहे, नाही म्हणत नाही. पण उद्या योजना रद्द झाली तर त्याच्या गल्ल्यात एक डॉलरसुद्धा जास्तीचा पडणार नाही. हे त्याला माहीत आहे का, हे आधी विचारा. मला शंका आहे, त्याच्या हिशेबनीसाने त्याला हे कधी नीट सांगितलेलं नाही.

आणि तो आचारी? त्याला वर्षाला ४५ हजार मिळतात असं धरू. त्याच्या पगारातून आठवड्याला सात डॉलर जातात. रजेवर असताना त्याला पगाराच्या सुमारे ९० टक्के, म्हणजे आठवड्याला पावणेआठशेच्या घरात पैसे आले असतील, आणि ते राज्याच्या निधीतून, मेहुण्याच्या तिजोरीतून नाही. कमी पगाराच्या माणसाला जास्त टक्के मिळतात, मोठ्या पगाराला वरून झाकण आहे. यंदा ते आठवड्याला १,६४७ डॉलर. म्हणजे तुमच्या पगाराच्या मानाने तुमच्या हाती निम्म्याच्या वर थोडंसंच पडेल. हा अन्याय आहे असं तुम्हाला वाटलं तर वाटो, मला वाटत नाही.

आता जरा माझं सांगते, कारण ‘रद्द करा’ हा शब्द मी तुमच्या मेहुण्याच्या आधीपासून ऐकत आलेय.

माझी मुलगी २०१४ साली रेंटनला झाली. तेव्हा मी एका मध्यम कंपनीत हिशेबाच्या खात्यात होते. नाव सांगत नाही, ती कंपनी आता आहे की नाही कोण जाणे. आई व्हिजिटर व्हिसावर आली होती, बॅगेत डिंक, खारीक, आळीव, आणि विमानतळावर ‘हे काय’ विचारल्यावर तिने ‘मेडिसिन’ असं ठणकावून सांगितलेलं. कंपनीच्या शॉर्ट-टर्म डिसॅबिलिटी विम्यातून मला सहा आठवडे साठ टक्के पगार मिळाला. नवऱ्याने पाच दिवस व्हेकेशन काढली आणि सहाव्या दिवशी तो कामावर. सातव्या आठवड्यात मी ऑफिसात. दूध काढायला कागद-पाकिटं ठेवायची खोली होती, आतून कडी नव्हती, म्हणून दाराला खुर्ची लावून बसायचे. एक दिवस शेजारच्या टेबलावरची बाई सहज म्हणाली, “या राज्यात पगारी रजेचा कायदा आहे ना गं, सात वर्षं झाली.”

मला वाटलं ती थट्टा करतेय. पण खरंच होता. २००७ साली वॉशिंग्टनने कायदा केला होता: नव्या आईबापांना पाच आठवडे, आठवड्याला २५० डॉलर. कायदा झाला, गव्हर्नर ग्रेगवार यांची सही झाली, फक्त पैसे कुठून येणार हे कुणी ठरवलं नाही. सुरू व्हायचा होता २००९ च्या ऑक्टोबरमध्ये. मंदी आली, तो ढकलला २०१२ वर. मग २०१५ वर. २०१३ साली राज्याच्या सिनेटमध्ये तो समूळ रद्द करायचं विधेयक आलं, आणि त्याच वर्षी उलट टोकाला तो वाढवायचंही विधेयक होतं. दोन्हीतलं काही झालं नाही. झालं ते असं की पैशांची तरतूद होईपर्यंत बेमुदत पुढे. लग्न मोडायचंही नाही आणि मुहूर्तही काढायचा नाही, तसला प्रकार. रद्द करणाऱ्यांना रद्द करायची गरजच पडली नाही. आणि मी दाराला खुर्ची लावून बसले होते ती या कायद्याच्या हद्दीत, कागदोपत्री हक्कदार म्हणून.

मग २०१७ साली गंमत झाली. राज्याचं सिनेट रिपब्लिकनांच्या ताब्यात, कनिष्ठ सभागृह डेमोक्रॅटांच्या. कामगार संघटनांनी धमकी दिली होती की तुम्ही केलं नाहीत तर आम्ही थेट मतदारांकडे नेऊ. तेव्हा धंदेवाले आणि संघटनावाले एका टेबलावर बसले. छोट्या मालकांना वाटा माफ हे त्याच टेबलावर ठरलं. दोन्ही पक्षांच्या मतांनी नवा कायदा झाला, जुलैत गव्हर्नर इन्सली यांनी सही केली, आणि त्याच कायद्याने २००७ चा जुना कायदा अखेर रद्द केला. तो खरोखर मेला तो वारस जन्मल्यावर. २०१९ पासून कपात, २०२० पासून रजा.

तुमच्या निवेदनात वारस कुठे आहे? तुम्ही मजकूर पाठवलेला नाही, पण ‘रद्दच करा’ असं असेल तर त्यानंतर आचाऱ्याला काय उरतं ते बघा. उरतो १९९३ चा केंद्राचा एफएमएलए, म्हणजे कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेचा कायदा. त्यात बारा आठवडे मिळतात, बिनपगारी. आणि तेही मालकाकडे पन्नास माणसं असतील तर. नऊ माणसांच्या रेस्टॉरंटला तो लागूच नाही. आचाऱ्याला काहीच उरत नाही. तुमचं मात्र फारसं बिघडणार नाही, सॉफ्टवेअरवाल्या बहुतेक मोठ्या कंपन्या स्वतःहून रजा देतात, चांगली माणसं पळून जाऊ नयेत म्हणून. म्हणजे निवेदनावर सही करणार तुम्ही, आणि झळ बसणार आचाऱ्याला.

तुमचा मेहुणा म्हणेल, मग ज्याला पाहिजे त्याने भरावं, ज्याला नको त्याने नाही. ऐच्छिक करा. हा मुद्दा ऐकायला फार गोड आहे आणि मी त्याच्या मागे एकदा वाहवतही गेले होते. पण विमा तसा चालत नाही. पंचविशीतला बॅचलर बाहेर पडेल, पन्नाशीचा सडाफटिंग बाहेर पडेल, उरतील कोण? पाचवा महिना असलेल्या बायका, आणि आईचं ऑपरेशन ठरलेले मुलगे. मग हप्ता वाढेल, मग आणखी काही जण बाहेर. भिशीत ज्याला नंबर लागणार हे आधीच माहीत आहे त्यांनीच बसायचं ठरवलं तर ती भिशी राहील का? डब्ल्यूए केअर्स ऐच्छिक करावं असा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४ मध्ये इथल्या मतदारांपुढे आला होता, आणि मतदारांनी तो फेटाळला. कपातीवर चिडलेल्या याच लोकांनी.

आपल्याकडच्या एका गोष्टीची इथे आठवण होते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यांतल्या कामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा द्यावी असं विधेयक आलं, तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. त्यांचं म्हणणं असं की आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून खरं तर हा भार बराचसा सरकारनेच उचलायला हवा. सरकार तयार नसेल तर मालकाने उचलावा. पुढच्या वर्षी कायदा झाला. त्यांनी दुसऱ्या क्रमांकावर ठेवलेला पर्याय आपण पुढे पहिला करून टाकला. भारतात २०१७ साली रजा बारावरून सव्वीस आठवड्यांवर गेली, आणि ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कामगार विम्याच्या, कक्षेबाहेरच्या बाईचा तो सगळा पगार तिच्या मालकाने द्यायचा. परिणाम पुण्या-मुंबईच्या कुठल्याही मुलीला विचारा. इंटरव्ह्यूला “लग्न झालंय का? मग पुढचा काय विचार?” हा प्रश्न चहाच्या आधी येतो. वॉशिंग्टनने सगळ्यांकडून थोडं थोडं घेऊन निधी केला, बाप्यांनाही रजा दिली, म्हणून निदान आचारी ठेवताना ‘हा बाई आहे की पुरुष’ हा हिशेब मालकाला करावा लागत नाही. मेहुण्याच्या निवेदनावर सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांनी सांगली-कोल्हापुरात दुकान चालवलंय ते बघा, तुलना त्यांनाच चांगली कळेल.

योजना सोन्याची आहे असं मी म्हणणार नाही. २०१९ ला दर ०.४ टक्के होता, आज १.१३ आहे. सात वर्षांत जवळजवळ तिप्पट. अंदाजापेक्षा खूप जास्त लोकांनी रजा घेतली, २०२२ साली निधी इतका आटला की विधिमंडळाला ३५ कोटी डॉलर बाजूला काढून ठेवावे लागले. कायद्याने दरावर १.२ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि आपण त्या छताला डोकं टेकायला आलोय. तिथे पोचल्यावर काय, हा खरा प्रश्न आहे आणि आमदारांना विचारायचा तोच. तुम्हाला निवेदन द्यायचंच असेल तर ते विचारणारं द्या.

मेहुण्याच्या मनात आणखी एक भीती असणार, आणि ती तो बोलून दाखवत नसेल. गेल्या दिवाळीपर्यंत पन्नासच्या आतल्या मालकावर आचाऱ्याची जागा राखून ठेवायचं बंधन या योजनेत नव्हतं. त्याने ठेवली, कारण माणूस चांगला आहे. दोघेही. पण नियम बदलला. २०२६ पासून पंचवीस माणसांच्या मालकाला जागा राखावी लागते, २०२७ पासून पंधरा, आणि २०२८ च्या जानेवारीपासून आठ. नऊ माणसांचं रेस्टॉरंट तेव्हा त्यात येतं. सहा महिने काम केलेला आचारी रजेवर गेला तर त्याची जागा रिकामी ठेवायची आणि मधले बारा आठवडे दुसरा आचारी शोधायचा. केंटमध्ये. दिवाळीत. ज्याला बिर्याणीही येते आणि चकलीही. ही अडचण हप्त्याची नाही, माणसाची आहे, आणि ती मला पूर्ण मान्य आहे. त्याला म्हणावं, हेच लिही. बदली माणसाच्या खर्चाला मदत द्या, आठ माणसांचा आकडा पुन्हा तपासा, रजेची आगाऊ सूचना नीट मिळेल असं बघा. छोट्या धंद्यांसाठी राज्याच्या एम्प्लॉयमेंट सिक्युरिटी खात्याची मदतनिधीची सोय आहे, त्याचे नियम त्याने खात्याला फोन करून समजून घ्यावेत. अशा मजकुरावर तुम्ही आनंदाने सही करा. मीही करीन.

बोलायचं कसं, तेही सांगते. व्हॉट्सॲप ग्रुपवर चकार शब्द नको. मंगळवारी दुपारी तीनला, जेवणाची गर्दी ओसरल्यावर रेस्टॉरंटमध्ये जा. एकटे जा, बायकोला मध्ये घालू नका, ती भाऊ आणि नवरा यांच्या मध्ये उगीच चेंगरेल आणि तिला पाचवा महिना आहे. त्याच्याच भटारखान्यात स्टुलावर बसा, आचारी तिथेच असेल, त्याच्या बाळाचा फोटो बघा. मग विचारा, “दादा, योजना नसती तर हा दिवाळीत आला असता का?” बहुतेक उत्तर येईल, नसता आला. बायकोची डिलिव्हरी सोडून कुणीही आला नसता. फक्त गेला असता तो नोकरी सोडून, आणि बारा आठवड्यांनी परतायच्या ऐवजी दुसऱ्याच्या रेस्टॉरंटमध्ये दिसला असता.

सासूबाईंना सांगा की सहीला पैसे पडत नाहीत हे खरं, पण आमदाराच्या कार्यालयात ती तुमच्या नावाने मोजली जाते, जावई म्हणून नाही.

आता तुमच्या स्वतःच्या रजेचं, कारण पत्रात तुम्ही ते ओझरतं लिहिलंय आणि खरी घाई तिथे आहे. बाळासाठी आणि आईसाठी तुम्हाला वेगवेगळे बारा आठवडे मिळणार नाहीत. फॅमिली लीव्ह वर्षाला एकूण बारा आठवडे, कारण कुठलंही असो. तेव्हा आधीच वाटणी करा: समजा आठ बाळाला, चार सांगलीला. बायकोचं वेगळं: प्रसूतीची मेडिकल लीव्ह आणि बाळासाठीची मिळून सोळा आठवड्यांपर्यंत, गुंतागुंत झाली तर अठरा. बाळासाठीची तुमची रजा वर्षभरात कधीही घेता येते, सलगच हवी असं नाही. यंदापासून चार तासांइतकी बारीकही तोडता येते. मी तुमच्या जागी असते तर पहिले तीन आठवडे सलग, आणि मग आई-बाबा किंवा सासूबाई असतील तेव्हा कामावर, त्या परत गेल्या की उरलेले. सगळ्यांनी एकाच वेळी घरात असून बाळाला काही जास्त मिळत नाही, फक्त चहा जास्त होतो.

कंपनीला तीस दिवस आधी लेखी कळवा, ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच. राज्याकडे अर्ज मात्र घटना घडल्यावरच करायचा, आधी केला तर फेटाळतात. बाळाच्या रजेला नाही, पण आईच्या आजारपणाच्या रजेला पहिला आठवडा बिनपैशांचा जातो, तो धरून चाला. आणि सांगलीच्या डॉक्टरांची सही लागेल. आजारपणाच्या प्रमाणपत्राचा छापील फॉर्म असतो, तो तुम्ही इथून निघतानाच छापून न्या. परदेशातल्या नोंदणीकृत डॉक्टरचं प्रमाणपत्र चालतं, पण फॉर्म इंग्रजीत नीट भरलेला हवा, रजा किती आठवडे लागेल तो रकाना रिकामा नको. आपले डॉक्टर लेटरहेडवर ‘बेड रेस्ट’ लिहून खाली शिक्का मारतात, तो पुरत नाही.

एक राहिलं. यंदाची दिवाळी तुमच्या रजेच्या आठवड्यांत येऊ शकते. पहाटे तीनला मेहुण्याकडे चकल्या तळायला अवश्य जा, सोऱ्या तुम्हीच फिरवा. फक्त त्याने त्याबद्दल पैसे देऊ केले तर घेऊ नका, रजेचे पैसे घेत असलेल्या आठवड्यात दुसरीकडे कमाई झाली तर ती राज्याला कळवावी लागते. डबा दिला तर घ्या.